निळ्या तारा, नारिंगी तारा

लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी.

रॅकच्या माथ्यावर चंदेरी कागदात गुंडाळलेलं खोकं. त्यावर धूळ.

एक फोन. कित्येक महिने गप्प.

निळ्या तारांची जुडी डावीकडे, नारिंगी उजवीकडे.

"खायला काळ अन् भुईला भार!" सर्व्हर रूमचं दार लोटत मोठा म्हणाला, तेव्हा त्याच्या मागे रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाई होत्या आणि आत खुर्चीवर धाकटा भाऊ होता. म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तोच.

धाकटा उठला. "ये दादा."

"ये काय? पाहुणा आहे का मी?"

दोघा भावांची मिळून एक कंपनी होती. रुग्णालयाचे सगळे एक्स-रे आणि अहवाल इथल्या कपाटाएवढ्या स्टोरेजमध्ये साठत, आणि तिथवर पोचायला दोन वाटा होत्या. निळ्या तारांचा पोर्ट ग्रुप, म्हणजे जोडण्यांचा गट, मोठ्याने बांधलेला, नारिंगी धाकट्याने. राबायचं निळ्याने. निळा पडलाच तर नारिंगीने तिथल्या तिथे भार उचलायचा, वर कोणाला कळूही न देता. याला फेलओव्हर म्हणतात. मोठा याला बसून खाणं म्हणे.

लग्नापासून तर उघड म्हणे. लग्न त्याच्या एकुलत्या एक मुलीचं. पुढच्या रांगेतली खुर्ची काकासाठी राखलेली, आणि काका आलाच नाही. संध्याकाळी नुसता निरोप: काम होतं.

काम! सख्ख्या पुतणीच्या लग्नापेक्षा मोठं!

त्या दिवसापासून मोठ्याने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. धाकट्याने वहिनीकरवी दोनदा सांगून पाहिलं, दादाला म्हणावं, एकदा सर्व्हर रूममध्ये ये, बोलायचंय. मोठा भरल्या ताटावरून उठला. "मी जाऊ? त्याची पायरी मी चढू?"

आज चढला होता, कायमचा निकाल लावायला.

"बाई, नव्या करारात याचं नाव नको," तो म्हणाला. "ही नारिंगी वाट नुसती शोभेची. लग्नापासून माझा फोन एकदाही वाजलेला नाही. धोक्याची एक सूचना नाही. याला म्हणतात काम!"

"पण दुसरी वाट तर लागतेच ना?" बाईंनी विचारलं.

"ती मी बांधीन, माझ्या हाताने. याची आत्ता काढून दाखवतो. तुमच्या डॉक्टरांना पत्तासुद्धा लागणार नाही."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्याने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

"दादा, थांब. आधी निळ्याचं सेटिंग उघडून बघ. पासवर्ड तुझ्याकडेच आहे."

"काय बघायचंय? दिवे दिसत नाहीत? सगळे हिरवेगार."

"दिवा तार जोडलीय एवढंच सांगतो. पलीकडे काही पोचतंय का, ते नाही सांगत. तूच शिकवलंस."

"बघा बाई, जीभ बघा! ज्याला बोट धरून पहिली तार लावायला शिकवली, तो मला अक्कल शिकवतोय."

"दोन मिनिटं बाहेर ये. बाईंसमोर नको."

"जे काय आहे ते बाईंसमोर!"

मोठ्याने नारिंगी जुडी मुठीत धरली आणि गवत उपटावं तशी उपटली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बोळाच्या टोकाला कोणीतरी ओरडलं. पाठोपाठ वरच्या मजल्यावरून आरोळी आली, "स्क्रीन काळी पडली! फोटो गेले सगळे!" बाईंचा फोन वाजू लागला, भिंतीवरचाही वाजू लागला.

धाकटा केव्हाच गुडघ्यांवर बसला होता. लहान मुलाच्या सदऱ्याची बटणं लावावीत तशा त्याने एकेक करून नारिंगी तारा परत बसवल्या. हळूहळू आरडाओरडा ओसरला.

मोठ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "कारस्थान! माझी वाट तोडून ठेवलीस! इतके महिने इथे बसून हेच केलंस, हरामखोरा?"

धाकटा बाईंकडे वळून काही सांगणार होता. मग त्याची नजर दादाच्या घामाने भिजलेल्या कॉलरवर गेली, आणि त्याने तोंड मिटलं.

"बोल की! आता का दातखीळ बसली?"

"काय बोलू?"

बाईंचा आवाज थंड होता. "यांचं म्हणणं खरं नसेल तर आत्ताच सांगा."

धाकटा खाली वाकून नारिंगी जुडी नीट बांधू लागला.

"मग उद्यापासून येऊ नका."

"किल्ली ठेव," मोठा म्हणाला.

धाकट्याने किल्ली टेबलावर ठेवली. टाचा उंचावून रॅकवरचं चंदेरी खोकं काढलं, बाहीने पुसलं. "हे तिला दे."

"माझ्या मुलीला तुझं काही नकोय!"

खोकं खुर्चीवर ठेवून धाकटा दारापाशी थांबला. "नारिंगीला हात लावू नकोस, दादा."

दार बंद झालं. मोठ्याने हिरव्या दिव्यांकडे एकदा बघून किल्ली खिशात टाकली. "बघितलंत?" तो बाईंना म्हणाला. "रक्ताचं माणूस!"

लग्नाच्या सकाळी निळा गट बंद पडून सगळा भार नारिंगीवर आला, तेव्हा मोठ्याने कार्यात व्यत्यय नको म्हणून आपल्या फोनवरच्या धोक्याच्या सूचना दोन दिवसांपुरत्या म्हणून बंद केल्या होत्या, ज्या पुढे सुरू करायच्या राहूनच गेल्या, आणि धाकटा नवा कोट घालून, चंदेरी खोकं काखेत धरून, लग्नाच्या हॉलच्या पायरीवरून मागे फिरला होता.