आधी पाहून ठेवलेला बोलपट

दिवे लागले तशी माणिकबाईने रिकामी टोपली काखेत मारली आणि सुनेला म्हणाली, "ऊठ व शकुन. झालं."

शकुन जागची हलली नाही. शेजारच्या दोघी मात्र फिसकन हसल्या.

"कुठी चालल्या मावशी? हे मध्यंतर होय. आर्धा खेळ बाकी हाय अजून."

माणिकबाई मटकन खाली बसली. काल अमरावतीच्या बाजारात वांगी विकून झाल्यावर ती जन्मात पहिल्यांदा टॉकीजमध्ये शिरली होती, एकटीच. पडद्यावर कुंदप्रभेचं लग्न लागलं, माप लवंडून ती सासरी गेली, दिवे लागले, जनान्यातल्या बाया उठल्या. तशी हीही उठली आणि सरळ आपल्या गावच्या, वलगावच्या गाडीत जाऊन बसली. घरी छाती फुगवून सांगितलं, "सुखात नांदते पोरगी. उद्या तुले दाखवतो."

शकुनला सातवा लागला होता. डोहाळे चिंचेचे नाहीत की बोरांचे नाहीत, कुंदप्रभेच्या नव्या बोलपटाचे! पोटुशीचा डोहाळा मोडू नये, हे खरं. पण पोटुशीने मरण पाहू नये, हेही तितकंच खरं, आणि ही नटी कुंदप्रभा तर, गावात ऐकलं त्याप्रमाणे, पडद्यावर मरायलाच सोकावलेली. याआधी दोनदा शकुनचा पाळणा हलता हलता राहिला होता. म्हणून तर माणिकबाई आधी बोलपट पाहून आली, गिऱ्हाईक वांगं किडकं नाही ना म्हणून फिरवून पाहतं तशी. आणि पाहिलं काय, तर अर्धंच वांगं.

शेजारच्या दोघी अमरावतीच्याच. सत्यवती आणि रुख्मिणी. दोघींच्या मध्ये फुटाण्यांचा पुडा आणि तोंडात कुंदप्रभा.

"खरं काम तं तिनं विधवेच्या पार्टात केलं," रुख्मिणी म्हणाली. "नदीत उतरते तवा एकडाव मांगं पाह्यते. बाप्पा! मले भाकर गोड लागली नाही."

"त्याच्याहून राणीचा पार्ट," सत्यवती म्हणाली. "इख पेते अन् हासते. मरावं तं कुंदप्रभेनं."

"अन् त्या खोकल्यावालीचा?"

"त्याच्यात लय खोकली ते. तेवढं नाही आवडलं मले."

शकुन डोळे मोठे करून ऐकत होती. माणिकबाईही ऐकत होती. नदी, विष, खोकला. एकाही बोलपटातून बाई वाचली नव्हती.

"अन् याच्यात व?" तिने हळूच विचारलं. "याच्यात काय होते?"

"शेवट नाही सांगत मी मावशी," सत्यवती म्हणाली. "त्याच्याचसाठी तं चौथ्या खेपेले आली."

माणिकबाईने सुनेच्या पोटाकडे पाहिलं. तिच्या मागोमाग सत्यवतीनेही पाहिलं, आणि तिचा फुटाण्यांकडे गेलेला हात तिथेच राहिला.

"चाल शकुन, घरी जाऊ."

"आर्ध्यातून?" शकुन म्हणाली. "तिचं पुढं काय झालं, हा घोर घेऊन मले झोप येईन काय आत्याबाई?"

तेवढ्यात दिवे गेलेच.

पडद्यावर आता कुंदप्रभाही पोटुशी होती. माणिकबाईच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर वादळ, आत मिणमिणता दिवा, दाराशी नवऱ्याच्या येरझाऱ्या. दाई मान हलवू लागली तशी शकुनने सासूचं मनगट आवळलं. माणिकबाईने अंबादेवीला खणानारळाची ओटी बोलली, पडद्यावरच्या बाईसाठी. काय करणार, दुसरा इलाजच नव्हता.

मग बाळ रडलं. सगळ्या जनान्याने श्वास सोडला. कुंदप्रभेने बाळ छातीशी धरलं आणि ती हसली.

त्याच क्षणी सत्यवती उठली. तिने शकुनचा दंड धरला. "झालं. संपला खेळ. चाला लवकर, मंग गर्दीत पोटाले धक्का लागते."

"काय व सत्यवती," रुख्मिणी म्हणाली, "आता तं खरं..."

सत्यवतीने तिच्या पायावर पाय दिला. "तू खाय फुटाणे."

माणिकबाईने आजूबाजूला पाहिलं. दिवे लागले नव्हते. एकही बाई उठली नव्हती. उलट पदर हातात घेऊन साऱ्याजणी सावरून बसत होत्या. काल साऱ्या उठल्या होत्या, तेव्हा खेळ अर्धाच झाला होता.

"संपलाच," माणिकबाई म्हणाली, आणि सुनेला दुसऱ्या बाजूने धरून तिने उठवलं.

तिघी बाहेर आल्या. सत्यवतीने मागे दार ओढून घेतलं. बाहेर लख्ख ऊन होतं. समोर लिंबाखाली शालिकराम गाडीत कडबा अंथरून बायको आणि सुनेची वाट पाहत बसला होता.

"पाह्यलं आत्याबाई?" शकुनचा चेहरा फुलला होता. "जगली ना! अन् लेकरू बी!"

"जगली व माय, जगली." माणिकबाईला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला रडूच फुटलं. डोळे पुसत ती सत्यवतीच्या कानाशी लागून म्हणाली, "तू जाय बाई आता आंदर. त्याच्याचसाठी तं आली होती."

सत्यवती गेली नाही. ती दाराला पाठ लावून उभी होती. आतून पहिला हुंदका ऐकू आला, मग दुसरा, मग सगळा जनानाच मुसमुसायला लागला.

"काय व शकुन," सत्यवतीने एवढ्या मोठ्याने विचारलं की लिंबाखालचे बैलही दचकले, "पोरगी झाली तं नाव काय ठेवशीन?"