सकाळच्या सूचना
हायस्कूलच्या भोंग्यावर सकाळच्या सूचना सुरू झाल्या, तसा आईने मिक्सर बंद केला. लेक शाळेत असताना या सूचना तीच वाचायची. कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा त्या ऐकल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. आता लेक सातासमुद्रापार आणि भोंग्यावर दुसऱ्याच कुणाचा आवाज. “अगं, माझा डबा व्हायचाय अजून! पोरगी कधीच विसरली असेल हे सगळं,” बाबा करवादले. तेवढ्यात लेकीचाच फोन आला. तिच्याकडे तर अजून उजाडलंही नसेल. आईने घाईने फोन उचलला. “काय गं, बरी आहेस ना?” “बरी आहे, आई. आत्ता बोलू नकोस. स्वयंपाकघराची खिडकी उघड आणि फोन बाहेर धर.” आईने गजांतून हात लांबवला. “शनिवारी मैदान सर्वांसाठी खुले राहील,” बाहेर कुणाची तरी मुलगी वाचत होती. बाबांनी उठून पंखा बंद केला.