सासूबाईंचं नाक

समुद्रकाठचं आमचं चिंबोते शहर म्हणजे जनावरांच्या खाद्यासाठी मासळीची भुकटी करणारे कारखाने, आणि मी तिथलाच कामगार. डोंगरातल्या गावाहून सासूबाई आल्या की आधी शालीने नाक झाकतात. "जावईबापू, कपडे बाहेरच काढा हो. मासळीचा वास तुमच्या हाडांत मुरलाय!"

घरी आम्ही खाण्यासाठी गिनीपिग पाळतो. एरवी मी त्यांना कारखान्यातली भुकटीच चारतो. जनावर झटपट गुबगुबीत होतं, पण मांसालाही थोडा वास लागतो. या वेळी सासूबाई येणार म्हटल्यावर सेनाइदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दम भरला, "आई ताटावरून उठली, तर तुमची खैर नाही!" मी निमूटपणे भुकटी बंद केली आणि नुसती सोयाबीनची पेंड नि लसूणघास घालत राहिलो.

काल सासूबाईंच्या ताटात अख्खा तळलेला गिनीपिग वाढला. त्यांनी नाकावरची शाल खाली केली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि हात थांबवला. सेनाइदाने माझ्याकडे डोळे वटारले.



"गेल्या वर्षीची सर नाही हो याला, जावईबापू. तो मसाला संपला का?"