आपाचं होकायंत्र
बाळांनो, समजा हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन तुम्ही अनोळखी डोंगरात वाट शोधत धावताय. देशोदेशीच्या अशाच शर्यतीत भारताकडून मुकुंदवाडीची जमिला धावणार होती. आदल्या दिवशी मुख्तारमामूनं तिला आपा म्हणणाऱ्या धाकट्या बहिणीला, अजराला, लोहचुंबक दिलं. “आपाचं होकायंत्र यावर ठेव. सुई तेज होते.” अजरानं मायेनं ठेवलं. लोहचुंबकानं सुई उलटते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. जमिला उत्तर दिशा समजून दक्षिणेला धावली आणि भारत शेवटचा आला. मामूनं पैज नेपाळवर लावली होती. जिलेबीचा पुडा अजराच्या हातात देत तो म्हणाला, “खा. बोललीस तर लक्षात ठेव, चुंबकावर तूच ठेवलं होतंस.” आतल्या खोलीत जमिला रडत होती, “मला नकाशाच वाचता येत नाय.” “व्हय, पोरींचं काम नाय ते,” मामू हसला. अजरानं लोहचुंबक आणून आपाच्या तळहातावर ठेवलं.