मेड्युसाच्या टाकीमागे

टाकीच्या पुढे शाळेची पोरं काचेला नाकं लावून उभी होती आणि मत्स्यालयात नुकतीच कामाला लागलेली नवी त्यांना गोष्ट सांगत होती. टाकीमागच्या पाइपांच्या बोळात तिथल्या जुन्या मावशी ऐकत होत्या. ऐकत कसल्या, जळत होत्या.

जळणार नाहीत तर काय! टाइलच्या तुकड्याला चिकटलेले जेलीफिशचे हे राईएवढे जीव त्यांनी तीन वर्षं पोसले. ड्रॉपरनं भरवले, उबदार पाण्यात तळहातावरच्या फोडासारखे जपले. एकानं टाइल सोडली असेल तर शपथ! मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने घरी बसल्या, तेवढ्यात या कालच्या पोरीनं टाइल उचलून सरळ गार पाण्यात ठेवली. थंडी लागताच एकेकातून चकत्या सुटल्या, आणि आता त्या चकत्यांच्या झालेल्या वीसेक जेलीफिश छत्र्यांची उघडझाप करत फिरत होत्या. साहेबांनी टाकीच्या पाटीवर एकट्या नवीचं नाव घातलं.

"या रूपाला मेड्युसा म्हणतात," नवी सांगत होती. "ग्रीक गोष्टीतली मेड्युसा फार देखणी होती. देवीनं शाप दिला आणि तिच्या केसांचे साप झाले."

"तिनं काय केलं होतं?" एका पोरीनं विचारलं.

"काही नाही गं. देवीला तिचं रूप बघवलं नाही."

"शी! देवी असून?"

मावशींचा हात हवेच्या नळावर होता. छत्रीत बुडबुडा अडकला की जेलीफिश हातची गेलीच, म्हणून त्यांनी स्वतःच तो नळ चिकटपट्टी लावून बंद केला होता. चिकटपट्टी त्यांनी नखानं सोलली. नळ जरासा फिरवला.

"ताई, त्या बघा वर उडाल्या!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

"मावशी!" नवी किंचाळलीच. "मावशी, पळत या! मला काही सुचत नाहीये. यातलं तुम्हालाच कळतं!"

हे ऐकायला मावशींचे कान किती दिवस आसुसले होते. त्यांनी नळ बंद केला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी धावल्या. बाह्या सारून पाण्यात हात घातले. एकेक छत्री बोटांनी अलगद तिरकी करायची, बुडबुडा सोडवायचा, पुढची धरायची. दोन हाती लागल्या नाहीत. बाकीच्या वाचल्या.

"ताई, या कोण?" मघाच्या पोरीनं विचारलं.

नवीनं डोळे पुसले. "या आमच्या मावशी. या होत्या म्हणून एवढ्या वाचल्या गं."

पोरांनी मावशींसाठीही टाळ्या पिटल्या. मावशींनी पाण्यातून हात काही बाहेर काढले नाहीत.