नवमीचं पान

सखुबाईने पायांवर पाणी ओतलं तशी गोपीने पाय मागे घेतले.

"नको आई, तू मोठी."

"आज नाय मोठी. ठेव पाय," सखुबाई म्हणाली आणि पुन्हा तांब्या उचलला.

गोपी सिंधची. फाळणीनंतर कराचीहून बोटीने आली, कल्याणच्या निर्वासित छावणीत राहिली आणि पापड लाटून विकू लागली. इथले सण तिला कळत नसत. कधी लोक खाडीत नारळ सोडत, कधी होळीपुढे तोंडावर हात मारून बोंबलत. कोपर गावातल्या सखुबाईने "नवमीला जेवायला ये गो" म्हटलं, तेव्हा हाही असाच एखादा सण असेल म्हणून ती आली.

कपाळाला कुंकू लावून आली. नवरा बोटीवरच तापाने गेला होता, पण कोपरात तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळच्या वेळी दारात विधवा उभी राहिली तर पापड कोण घेणार? नवरा मागाहून येतोय, असं ती सांगे.

कुंकवाची युक्ती तुळसाची. छावणीच्या कुंपणापलीकडे तुळसा आपल्या माणसाबरोबर झोपडीत राही. गोपीला मराठी तिनेच शिकवली, कोपरची वाटही तिनेच दाखवली. गोपी परतली की ती एकेका घराची चौकशी करी. बरोबर मात्र कधी येत नसे.

सखुबाईने गोपीची ओटी भरली. मांडीवर हिरवं लुगडं ठेवलं. केळीच्या पानावर वडे, खीर, वालाचं बिरडं वाढलं. छावणीत आल्यापासून गोपीला असं कुणी बसवून वाढलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"कुठल्या देवाचा सण, आई?"

"देवाचा नाय गो बाय. माज्या पोरीचा. लय वरसां झाली, खाडीत गेली. दादला जिता असताना गेली, म्हणून पितरांतली नवमी. त्यानं दुसरी केली. तिकडं कोन घालतंय पान? मग मीच घालते."

"मग मी कशाला?"

"सवाष्ण लागते. जिचा दादला जिता हाय ती जेवली तर पोरीला पोचतं. नाय तर पोर उपाशी ऱ्हाते."

"गावात नाही कुणी?"

सखुबाई पानात मीठ वाढत होती. तिने मान वर केली नाही. "गावातल्या बाया आमच्याकडं बसत नाय. जेव तू."

गोपीचा हात घासावरच थांबला. खरं सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. समोर म्हातारी हात जोडून बसली होती, गोपीला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी.

"पोटात दुखतंय," गोपी म्हणाली. "घरी नेऊन खाईन."

"ने. पन तूच खा हां. दुसऱ्या कुनाच्या हाती देव नको."

वाटेत गोपीने पदराने कपाळ पुसलं. कुंकू गेलं, पण तोंड वर करवेना. मेलेल्या पोरीच्या तोंडचा घास आपण चोरला, हेच मनात फिरत होतं. छावणीत न जाता ती सरळ तुळसाच्या झोपडीत शिरली आणि पानाचं गाठोडं आणि हिरवं लुगडं तिच्यापुढे ठेवलं.

"तू खा. तू खरी सवाष्ण."

"कुनाकडचं गो?"

गोपीने सगळं सांगितलं. पाय धुतलेले, ओटी, खोटं कुंकू, खाडीत गेलेली लेक. शेवटी ती रडायलाच लागली. "सखुबाईला मी फसवलं, तुळसा. तू जेवलीस तर निदान तिच्या पोरीला तरी पोचेल."

लुगड्याचा काठ तुळसाने बोटांनी चाचपून पाहिला. मग उठून हात धुतले, पान उलगडलं आणि बिरड्याचा घास घेतला.

"मीठ अजून जास्तच घालते आई," ती म्हणाली.