उजवा स्टँड

माझ्या धाकट्याने, ओमकारने, गाण्यांसाठी दोन छोटे स्पीकर आणले. ते बसलेल्या माणसाच्या कानाशी यायला हवेत म्हणे. दुकानातले स्टँड मला काटकुळे वाटले.

"आपल्या होडीच्या फळ्या पडल्यात, त्यांचे कर," मी म्हटलं.

तीन वर्षांपूर्वी ती होडी रिकामीच किनाऱ्याला लागली होती. तिच्यावर गेलेला थोरला दीपेश मिळालाच नाही. आम्ही बाराव्याचं जेवण घातलं. ओमकारने त्या फळ्यांचे दोन स्टँड केले, तशा असलं लाकूड घरात नको म्हणत शेजारणी आल्या. "तुमची घरं सांभाळा," म्हटलं.

डावीकडे गाणं वाजतं. उजवीकडे इंजिनाची धडधड. ओमकारने स्पीकर आलटूनपालटून ठेवले, तरी धडधड उजव्या स्टँडवरच राहिली.

"आये, वायर खराब असेल."

"मग तीन दिवस काय तिची पूजा करतोयस?"

रोज दुपारी धडधड जवळ येत होती. आज ओमकार जेट्टीवर गेल्यावर मीच उजव्या स्पीकरची वायर गाण्याच्या मशीनमधून उपसली. धडधड थांबली. मग त्याच स्पीकरातून दीपेश बोलला, होडी लावताना बोलायचा तसाच.

"आये, दोरी पकड."

वायरचं टोक माझ्या हातात होतं. स्पीकरच्या बाजूने कुणीतरी ते ओढलं.